‘दार’ कोण म्हणालं

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि शेडमधल्या फळ्या आकसल्या.

बावीस फळ्या, सहा वासे, चार खांब, दोरखंडाची तीन भेंडोळी आणि वरून ताणायचं जाजम. तंबूवाल्याच्या कुस्तीचा अख्खा चौथरा वर्षातले आठ महिने दाभणवालीच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये पडून असायचा. फळ्यांची डागडुजी तिच्याकडे, जाजम शिवणं तिच्याकडे, पैलवानांचे बुरखे नि पट्टे तिच्याकडे, आणि खेळाच्या दिवशी चौथऱ्याच्या कोपऱ्याशी बसून घंटा वाजवणंही तिच्याकडेच. दाभणवाली हे नाव आपल्या हातातल्या दाभणावरून पडलं, असं ती सांगायची. लोक म्हणायचे, हातातलं नव्हे, तोंडातलं.

दुपारी पत्रा तापला की फळ्या बोलायला लागायच्या. आधी बारीक कुरकुर, मग लाकडाला चीर जाताना होतो तसा कडाका, आणि थरातली एखादी फळी सरकून खालच्या फळीवर बसली की धप्प. थेट पाठीवर माणूस आपटल्यासारखा. तो आवाज झाला की दाभणवालीचा हात थांबायचा. तोंड किंचित उघडायचं. मग ओठ मिटून ती दोरा दातांनी तोडायची, तोडायची गरज नसली तरी.

सून समोर बसून फळीला रंधा मारत होती. तीन वर्षं ती हे बघत आली होती. त्या दिवशी तिनं विचारलंच.

"आई, फळी वाजली की कुणाला ओ द्यायला तोंड उघडता हो?"

"जांभई आली."

"रोज? त्याच वेळेला?"

"तुझ्यासारखी मदतीला असल्यावर जांभईच येणार. रंधा मारतेयस की फळीला गोंजारतेयस?"

सून हसली नाही. तिनं रंधा उलटा करून पात्यातला भुसा फुंकला आणि पुन्हा कामाला लागली.

दाभणवालीचा नवरा पडण्याचं काम करायचा. त्याला सगळे पडू म्हणत. काळा बुरखा घालून तो चौथऱ्यावर चढायचा, लोकांना शिव्या द्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत माती फेकायचा, आणि शेवटी सरदार त्याला डोक्यावर उचलून आपटायचा. लोक खूश. सरदार म्हणजे तंबूवाल्याचा देखणा पैलवान, पांढऱ्या लांडीतला, म्हणजे आखूड चड्डीतला. चौथऱ्यावर दोघे सात जन्मांचे वैरी. चौथऱ्याखाली एका ताटात जेवायचे. सरदार तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी.

पडणं ही काही सोपी विद्या नव्हे. श्वास सोडून पडायचं, हनुवटी छातीला लावायची, दोन्ही तळवे जाजमावर आपटायचे म्हणजे मार पसरतो. पडल्यावर पडूनच राहायचं. मग वरचा गडी खाली वाकायचा, गळा धरल्यासारखं करायचा आणि दातांआडून विचारायचा, "घर?" खालच्यानं म्हणायचं, "दार." म्हणजे मी धड आहे, पुढचं चालू दे. ‘दार’ आलं नाही तर खेळ तिथंच थांबवायचा, वर आभाळ कोसळलं तरी. हा या धंद्याचा कायदा. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून कुणी मोडत नव्हतं.

पडूनं तो शब्द घरी आणला. खेळ आटोपून आला की फाटकाबाहेरूनच हाक द्यायचा, "घर?" आणि ती चुलीपाशी असो, न्हाणीत असो, कुणाशी भांडत असो, तिथूनच ओरडायची, "दार!" सव्वीस वर्षं. एकदा तर तिनं तान्ह्या लेकाला पाजता पाजता झोपेतच ‘दार’ म्हटलं होतं. पडू महिनाभर त्यावरून हसत होता.

आता तीन वर्षं झाली तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बोल्ट घेऊन लोहाराकडे गेली. फळ्या आकसल्या, तेव्हा जुने बोल्ट सैल होणार, त्यांना नव्या चकत्या घालायच्या होत्या. लोहारानं भाता सोडला, घाम पुसला आणि सगळं जग तिला जे विचारत आलं तेच विचारलं.

"दाभणवाले, एकदा खरं सांगून टाक. हे तुमचं खरं असतं का खोटं?"

"तुझ्या बायकोचं तुझ्यावरचं प्रेम खरं का खोटं?"

लोहारानं जरा विचार केला. "चाललंय."

"मग हेही चाललंय."

पलीकडे बसलेले दोघे फिदीफिदी हसले. लोहारानंही हसून घेतलं. मग तिनं चकत्या हातात खुळखुळवत, जरा हळू आवाजात सांगितलं, "राग खोटा असतो बाबा. पडणं खरं असतं. फळीला कुठं माहीत असतं, वर नाटक चाललंय ते?"

"हां. मग हा बदलासुद्धा खोटाच म्हणायचा."

"कसला बदला?"

लोहारानं तिच्या पाठीमागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं ताजं पोस्टर होतं, खळ अजून ओली. तिला अक्षरं जुळवायला वेळ लागायचा आणि लोकांसमोर ती कधी जुळवत नसे. पण चित्र तिला कळलं. एका बाजूला पांढऱ्या लांडीतला सरदार. दुसऱ्या बाजूला काळा बुरखा. तो बुरखा तिनंच शिवलेला होता, पडूचा शेवटचा, डाव्या डोळ्यापाशी ठिगळ लावलेला. चित्र काढणाऱ्यानं ठिगळसुद्धा सोडलं नव्हतं.

"बापाचा बदला," लोहारानं वाचून दाखवलं. "बाजाराच्या दिवशी. तुला माहीत नव्हतं?"

"मला माहीत नसायला मी काय शेजारीण आहे? डोळ्यांत धूर गेला तुझा."

पण बोल्टांची पिशवी ती तिथंच विसरली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं. ती येताना दिसली तसे तिघे बोलायचे थांबले.

घरी लेक अंगणातल्या दगडावर बसून अंग धूत होता. तिशीला टेकलेला गडी, बापापेक्षा वीतभर उंच, पाठीवर दोराचे वळ.

"भिंतीला सांगितलंस, आईला सांगायचं राहिलं?"

"तंबूवाल्यानं ठरवलं. दुष्काळात माणूस तंबूकडं फिरकत नाही. याला येतील म्हणतो."

"कोण पडणार?"

"तो."

"भाऊजी तयार झाले?"

"भाऊजी कसले? तूच ना म्हणायचीस, तो माणूस माझ्या उंबऱ्याला नको म्हणून?" लेकानं तांब्या डोक्यावर ओतला. पाणी डोळ्यांवरून ओघळत असताना, डोळे मिटूनच तो म्हणाला, "मी ‘घर’ विचारणार नाही त्याला."

सून दाराशी उभी होती. तिच्या हातातला पंचा तसाच राहिला.

"विचारायचंच नाही. उचलायचं, आपटायचं. पुन्हा उचलायचं. मग खांबावर चढून उडी. लोक म्हणतील काय झकास काम केलं. कुणाला कळणारसुद्धा नाही. बाबांचं कुठं कळलं?"

"अरे, फाशी जाशील."

"चौथऱ्यावर कुणी फाशी जात नाही आई. तो गेला का?"

 तेवढ्यात शेडमध्ये धप्प वाजलं. लेकानं मान वळवून तिकडं बघितलं. त्यालाही ऐकू येत होतं तर.

पडू गेल्यापासून ती एकच गोष्ट सांगत आली होती. पोलिसाला, तंबूवाल्याला, लेकाला, सुनेला, गल्लीला. सरदार म्हणत होता, मी ‘घर’ विचारलं, मला ‘दार’ ऐकू आलं, म्हणून मी खांबावरून उडी घेतली. आणि ती म्हणायची, "मी चार हातांवर होते. माझ्या माणसाच्या तोंडून शब्द निघाला नाही." कुणी विचारलं, शपथेवर सांगशील, तर ती शपथेवर सांगायची. उभ्या आयुष्यात खोटं बोलले नाही, असा तिचा तोरा होता आणि त्या वाक्यातही खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरदार आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. सून नळावर गेली होती, लेक तालमीला. फाटकापाशी तो थांबला, सवयीनं त्याच्या ओठांवर काहीतरी आलं आणि ते त्यानं गिळलं.

"वहिनी, कमरेचा पट्टा उसवलाय."

तिनं वर न बघता हात पुढं केला. त्यानं पट्टा दिला आणि उंबऱ्याच्या बाहेरच, उन्हात, जमिनीवर बसला. पोस्टरवरचा देखणा गडी कुणीकडचा. पोट सुटलेलं, गुडघ्याला चिंधी, केसांना काळं लावलेलं ते घामानं कानामागं उतरलेलं.

"केस रंगवून काय होणार? पाय म्हातारेच राहणार."

"लांबून बघणाऱ्यांसाठी असतं हो ते. पाय कुणी बघत नाही."

तिनं सुतळीला मेण लावलं. दाभण चामड्यात घालताना अंगठ्याचा जोर लागत होता. चामडं करकरायचं.

"पोरगं काय ठरवून बसलंय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"काल तालमीत हात मिळवला त्यानं. हाताला कळतं वहिनी."

"मग नाही म्हणा ना. गुडघा दाखवा, कंबर दाखवा. काहीही सांगा."

"नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? भ्याला. म्हणजे त्यानं मारलाच होता." सरदारानं जमिनीवरची काडी उचलून मोडली. "मला ‘दार’ ऐकू आलं होतं, वहिनी."

"माझ्या माणसाच्या तोंडून शब्द निघाला नाही."

"हो. तुम्ही तेच सांगता. तीन वर्षं तेच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. "त्याच्या तोंडून निघाला, असं मी तरी कधी म्हटलं?"

दाभण चामड्यातून आरपार निघून तिच्या डाव्या तळहातात शिरलं. तिनं ते ओढून काढलं, रक्त पदराला पुसलं आणि पुढचा टाका घातला.  पट्टा पुरा झाल्यावर सरदारानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि लंगडत निघून गेला.

त्याला माहीत होतं. तीन वर्षं त्याला माहीत होतं.

पडू गेला त्या दिवशी जाजमाचा एक कोपरा सुटला होता. खेळ चालू असतानाच ती खाली बसून दोरी ओवत होती, दोऱ्याचं टोक दातांत. वर पडू पडला. झकास पडला असं तिला वाटलं, आजवरचं सगळ्यात झकास. हात नाही, पाय नाही, हूं का चूं नाही. गर्दीतली कुणी बाई किंचाळली, "अहो थांबवा, मेला तो!" तेव्हा दाभणवाली तोंडातल्या दोऱ्यासकट हसली होती. "मरतोय कसला! घरी जाऊन दोघांचं जेवेल." जी खेळ खरा समजत होती तिला खरं दिसलं, आणि जिला सगळा खेळ पाठ होता तिला काही दिसलं नाही. मग तिच्या डोक्यावर, दोरांच्या पलीकडं, ओळखीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "घर?" हात कामात होते. डोकं कामात होतं. दोरा दातांतून सुटला होता, तोंड एकटंच मोकळं होतं. सव्वीस वर्षांचं वळण त्याला. तोंडानं आपलं काम केलं.

"दार."

आणि सरदार खांबावर चढला.

मान आधीच गेली होती की उडीनं गेली, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. दुपारी फळी वाजली की तिला ते पडूला विचारायचं असायचं. पण पलीकडून नेहमी एकच प्रश्न यायचा, ‘घर?’, आणि त्याचं उत्तर द्यायची तिची आता हिंमत नव्हती.

बाजाराच्या दिवशी उन्हं कलायच्या आत मैदान भरलं. गुरांच्या शेणाचा नि मळक्या धुळीचा वास. सकाळपासून सासूसुनेनं फळ्या जोडल्या होत्या. आकसलेल्या फळ्यांच्या फटीत गोणपाटाच्या पट्ट्या ठोकल्या, वर पेंढा, त्यावर जाजम. जाजमाची शेवटची गाठ मारताना दाभणवालीनं लेकाला हाक मारली, "अरे, जरा ऐकून जा." तो बापाचा बुरखा चढवत होता. "नंतर," म्हणाला. ठिगळाच्या वरून बघणारा डोळा बापाचाच दिसत होता. ती "बरं" म्हणाली. बरं म्हणाली आणि घंटेपाशी जाऊन बसली. सांगायला सकाळ होती, कालचा दिवस होता, तीन वर्षं होती.

घंटा झाली. पहिली काही मिनिटं ठरल्याप्रमाणं गेली. सरदारानं दोन फटके दिले, पोरं ओरडली, म्हातारे हसले. मग लेकानं त्याला कमरेत धरून उचललं. सरदारानं अंगठा दाबला असणार, तयार आहे म्हणून, पण लेकानं वाट बघितली नाही.

दाभणवालीला बघायची गरज नव्हती. श्वास सोडून पडलेल्या अंगाचा आवाज पसरट असतो. बेसावध पडलेल्याचा एका जागी येतो, खुंटी ठोकल्यासारखा. हा खुंटीचा होता. फटीतली एक गोणपाटाची पट्टी उडून तिच्या पायाशी पडली.

लोक उभे राहिले. "वा! वा रे पठ्ठ्या!"

लेकानं पुन्हा उचललं. पुन्हा खुंटी. सरदार तिच्याच बाजूला तोंड करून पडला होता, दोराच्या खाली, चार हातांवर. डोळे उघडे. ओठांच्या कडेला रक्ताळलेला फेस. तो तिच्याकडं बघत होता आणि त्या बघण्यात मागणं काहीच नव्हतं.

लेक वाकला नाही. त्यानं काही विचारलं नाही. तो कोपऱ्याच्या खांबावर चढू लागला.

तिनं घंटा वाजवली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. लोकांना वाटलं, हीसुद्धा खेळातली. लेक खांबावर उभा राहिला, हात पसरले. शेजारी उभ्या सुनेनं तोंडावर पदर घेतला.

साठीला टेकलेली बाई ती, दोराखालून कशी शिरली, तिचं तिला कळलं नाही. लुगडं खिळ्याला अडकून फाटलं. गुडघे घासत ती सरदारापर्यंत गेली आणि त्याच्या छातीवर आडवी पडली, पाठ आभाळाकडं करून.

"आई, बाजूला हो!"

"‘दार’ मी म्हटलं होतं!"

ती खालूनच ओरडत राहिली.

"तुझ्या बापाच्या तोंडून शब्द निघाला नाही. माझ्या निघाला. यांनी विचारलं, मी खाली दोरी ओवत होते, मी उत्तर दिलं. घरी द्यायचे तसं. यांना ठाऊक होतं. तीन वर्षं ठाऊक होतं, पण कुणापाशी ब्र काढला नाही. मारायचं तर मला मार!"

आणि मग टाळ्या पडल्या. शिट्ट्या, आरोळ्या, कुणी टोपी वर फेकली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाला, "काय काम करते बघ ना म्हातारी! खरं पाणी काढलं डोळ्यांतून!" मागून कुणीतरी ओरडलं, "नाटक हो, नाटक! सगळं ठरवलेलं असतं!"

तिनं मान वळवून वर बघितलं. उन्हाच्या समोर लेक नुसता काळा दिसत होता. त्या हजार माणसांत दोघांनाच ठाऊक होतं की ती खोटं बोलत नव्हती. एक तिच्या खाली पडलेला होता. दुसऱ्यानं बुरखा वर ओढला, काढला, आणि खांबाच्या बाहेरच्या बाजूनं उतरला. गर्दीनं त्याला वाट करून दिली, पाठीवर थापा मारल्या. तो न थांबता मैदानाबाहेर गेला.

ती सरदाराच्या कानाशी वाकली. 

"घर?"

त्याचे ओठ नुसते हलले. मग फेसातून, "दार, वहिनी."

तिनं विश्वास ठेवला नाही. हात त्याच्या मानेमागं घातला, मणका चाचपला. "बोटं हलवा. ती नव्हे, डाव्या हाताची. आता पाय. गुडघ्याचं सोंग नको, पाय हलवा." त्यानं एकेक हलवलं. मग ती त्याच्या शेजारी बसली आणि लोक टाळ्या वाजवत असताना फाटलेलं लुगडं दोन्ही हातांनी धरून राहिली.

तंबूवाला संध्याकाळी घरी आला तो उड्या मारतच. "दाभणवाले, पुढच्या बाजारी हेच ठेवू! अगदी असंच. तू छातीवर पडतेस तिथं जरा आधी..."

"पुढच्या बाजारी तू पड," ती म्हणाली, "मी उडी मारते." तो गेला तेव्हा त्याला वाटत होतं की हे ‘हो’च आहे.

सरदाराच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. सून त्याला रोज जेवण नेऊन द्यायची. गल्लीत लोक दाभणवालीला वाटेत थांबवून वाहवा करायचे. लोहारानं चकत्यांचे पैसे घेतले नाहीत. "काय रडलीस गं! मला माहितीये खोटं असतं, तरी माझ्या बायकोच्या डोळ्यांना धार लागली." तिच्या तोंडात एकही टोमणा आला नाही. ती मान खाली घालून निघून आली. खरं बोलून मोकळं होता येतं म्हणतात. तिचं खरं कुणी घेतलंच नव्हतं.

लेकाचा पत्ता नव्हता. पहिला दिवस गेला, दुसरा, तिसरा. सून विचारत नव्हती आणि रडतही नव्हती, नुसत्या फळ्या पुसत होती. चौथ्या दिवशी दुपारी दोघी शेडपाशी बसल्या होत्या. जाजमावरचा सरदाराच्या रक्ताचा डाग धुऊन निघाला नव्हता, तिथं ठिगळ घालायचं होतं. पत्रा तापला. कुरकुर झाली, कडाका झाला, धप्प झालं.

पाठोपाठ फाटकाबाहेरून आवाज आला.

"घर?"

सुनेनं सासूकडं बघितलं. म्हणजे हा आवाज तिनंही ऐकला होता.

आवाज बापासारखाच, जरा बसलेला. दाभणवालीचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर येऊन बसला, सवयीचा, गुळगुळीत. तिनं ओठ मिटले. दाभण जाजमात खोचलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि तोंडानं काही न म्हणता, फाटकाशी कोण कसं उभं आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायला गेली.